वहिनींचा खांदा आणि गाडीचें स्टिअरिंग

गेल्या आषाढांतील गोष्ट. सायंकाळीं आमच्या वहिनी आईंना डॉक्टरांकडून घेऊन परत आल्या; परंतु नेहमींप्रमाणें गाडी अंगणांतील पेरूच्या झाडाखालीं नेऊन न लावतां त्यांनीं ती फाटकांतच तिरपी सोडली आणि ओसरीवर येऊन त्या खांदा धरून बसल्या. "भाऊजी, गाडी तेवढी आंत घ्या. आज चाक वळेना," एवढेंच त्या म्हणाल्या. पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून असें वाक्य मीं ऐकलें नव्हतें. उजवा खांदा आखडल्याचें निदान त्यापूर्वींच झालें होतें. तो सुटावयास कांहीं महिने लागतील, तोंपर्यंत हिसका बसेल असें काम करूं नये, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें.

आमचें कुटुंब तीन पिढ्यांचें. आईंचें वय ८८. त्यांचें औषधपाणी, नातवंडांची शाळा, बाजारहाट आणि दर गुरुवारीं पाठशाळेंत मुलांना संस्कृत शिकविण्यासाठीं जाणें, हें सर्व वहिनी त्या जुन्या लहान गाडींतून करीत आल्या आहेत. तेव्हां ती गाडी म्हणजे चैनीची वस्तु नसून घराचा एक हात आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

त्या रात्रीं पानावर बसल्या बसल्या विषय निघाला. दादा म्हणाले, "आतां पुष्कळ झालें. गाडी विकून टाकावी. रिक्षा काय, दारांत मिळते." पुतण्या म्हणाला, "बाबा, गाडी विकायला कशाला पाहिजे? जुन्या गाडीला विजेचें पॉवर स्टिअरिंग बसवून देणारा मिस्त्री मला ठाऊक आहे. भंगारांतल्या दुसऱ्या गाडीचें काढून बसवतो. एका दिवसाचें काम. आईनें एका बोटानें गाडी वळवावी!" वहिनी तूप वाढीत होत्या. त्यांनीं तुपाचें भांडें खालीं ठेवून विचारलें, "आणि चालतां चालतां तें बंद पडलें तर?"

या प्रश्नाला आम्हां तिघा पुरुषांपैकीं एकालाहि तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मी आयुष्यभर यंत्रांत वावरलेला. सबब उत्तर शोधण्याचें काम माझ्याकडे आलें. पुढील महिनाभर मीं जें पाहिलें, मोजलें व पडताळलें, तें या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवीत आहें. लहान जुनी गाडी आणि वाढतें वय हीं दोन्ही ज्या घरांत एकत्र नांदतात, त्या घरांना याचा उपयोग होईल असें वाटतें.

प्रथम हें पाहूं कीं, स्टिअरिंग जड लागतें तें कशामुळें. हातांतलें चाक फिरविलें कीं त्याचा दांडा फिरतो. दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन नांवाचें लहान दांतेरी चाक असतें, तें रॅक नांवाच्या दांतेरी पट्टीला डावीउजवीकडे सरकवितें, आणि ती पट्टी दोन्ही बाजूंच्या टाय-रॉडांच्या द्वारें पुढचीं चाकें वळविते. गाडी चालत असतांना टायर फिरतां फिरतां वळतो, म्हणून श्रम थोडे पडतात. गाडी उभी असतांना मात्र तळहाताएवढा रबराचा भाग जमिनीवर दाबून धरलेल्या स्थितींत घासत वळवावा लागतो. ७०० किलो वजनाची लहान गाडी घेतली, तरी इंजिन पुढें असल्यामुळें निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. फाटकांतून गाडी आंत घेतांना खांदा दुखतो आणि मोकळ्या रस्त्यावर दुखत नाहीं, याचें कारण हेंच.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं काका-पुतण्यांनीं एक साधा प्रयोग केला. घरांत सामान तोलण्याचा जो ताणकाटा होता, तो स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला अडकवून, गाडी उभी ठेवून, चाक वळावयास लागेपर्यंत ओढला. काटा ९ किलोवर गेला. चाकाचा व्यास ३६ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १८. यंत्रशास्त्रांत असा पीळ न्यूटन-मीटरमध्यें मोजतात. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाशीं सुमारें १०० ग्रॅम वजन टांगलें असतां जो पीळ पडतो, तो एक न्यूटन-मीटर. या हिशेबानें वहिनींना प्रत्येक वेळीं सुमारें १६ न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागत होता. नव्या लहान गाड्यांत हाताला जाणवणारा पीळ तीन-चार न्यूटन-मीटरच्या आसपास असतो; म्हणजे काट्यावर जेमतेम दोन किलो.

विजेचें यंत्र बसविण्यापूर्वीं हा सगळा जडपणा गाडीचा स्वभाव आहे कीं तिचें दुखणें आहे, हें पाहणें अवश्य होतें. तपासतां असें आढळलें कीं, पुढच्या टायरांत पाहिजे त्याच्या दोन-तृतीयांशच हवा होती. हवा कमी झाली कीं टायर पसरतो आणि जमिनीला घासणारा भाग वाढतो. शिवाय खालचा एक बॉल-जॉइंट कोरडा पडला होता. हवा नीट भरून, सांधा बदलून, चाकांचें अलाइनमेंट करून घेतल्यावर काटा ९ वरून साडेसहावर आला. खर्च अगदीं थोडा. पूर्वीं कोणी हौसेनें बसविलेले रुंद टायर किंवा शोभेचें लहान व्यासाचें स्टिअरिंग-चाक गाडीला असेल, तर तेंहि काढून मूळचें बसवावें; कारण चाकाची त्रिज्या घटली कीं तोच पीळ देण्यास हाताचा जोर अधिक लागतो. ज्यांच्या घरीं स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार आहे, त्यांनीं पहिला उपाय हा करावा. तथापि आखडलेल्या खांद्याला साडेसहा किलोहि थोडे नव्हेत. म्हणून पुढचा विचार भाग पडला.

स्टिअरिंगला यंत्राचें बळ देण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरानें १९२६ सालीं तेलाच्या दाबावर चालणारें स्टिअरिंग आपल्या गाडीला बसवून चालवून दाखविलें होतें. परंतु सामान्य गिऱ्हाइकाला तें विकत मिळण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींत तें प्रथम आलें. या पद्धतींत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप सतत फिरत राहतो. चाक वळवा वा न वळवा, पंप फिरतोच आणि इंजिनाची शक्ति खातो. मोठ्या इंजिनाला त्याचें ओझें वाटत नाहीं. लहान गाडीच्या चिमुकल्या इंजिनाला वाटतें. त्यांतून पंप, पट्टा, तेलाची टांकी व नळ्या यांना जागा तरी कोठें असते?

म्हणूनच विजेचें पॉवर स्टिअरिंग मोठ्या आलिशान गाड्यांतून खालीं न उतरतां लहान गाड्यांतून वर चढलें, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जपानांत लांबी, रुंदी व इंजिन यांवर कायद्यानें मर्यादा घातलेल्या अगदीं लहान गाड्यांचा एक वर्ग आहे. त्या वर्गांतील सुझुकीच्या सर्व्हो गाडींत १९८८ सालीं हें स्टिअरिंग प्रथम आलें. आपल्याकडे टाटांची नॅनो २००९ सालीं निघाली तेव्हां इंजिन मागें असल्यामुळें तिचें पुढचें अंग हलकें होतें व तिला असें साहाय्य दिलेलें नव्हतें. तरीहि गिऱ्हाइकांची अपेक्षा बदलली आणि २०१४ च्या 'ट्विस्ट' आवृत्तींत तिलाहि विजेचें स्टिअरिंग आलें. आज अगदीं साध्या नव्या गाडींतहि तें बहुधा असतेंच.

आतां त्याची रचना पाहूं. स्टिअरिंगचा दांडा मध्यें दोन भागांत तोडलेला असतो, आणि ते दोन भाग एका बारीक पोलादी कांबीनें जोडलेले असतात. वरून चाक वळविलें आणि खालून टायरनें विरोध केला, कीं ही कांब अगदीं थोडी, दोन-चार अंशच, पिळली जाते. किती पिळली, तें तेथेंच बसविलेलें एक संवेदक मोजतें. म्हणजे 'चालकाला किती कष्ट पडताहेत' हा निरोप विजेच्या भाषेंत तयार झाला. हा निरोप डॅशबोर्डाखालच्या एका पेटींत जातो. गाडीचा वेग किती आणि इंजिन चालू आहे कीं नाहीं, हीं वर्तमानेंहि त्याच पेटींत येतात. या तिन्हींचा मेळ घालून ती पेटी विद्युत्-मोटरला किती प्रवाह द्यावयाचा तें ठरविते, आणि हें काम सेकंदाला शेंकडों वेळां चालतें. मोटरच्या टोकाशीं मळसूत्रासारखें वर्म गिअर असतें. तें दांड्यावरील मोठ्या दांतेरी चाकाला फिरवितें. मोटरच्या पंधरा-वीस फेऱ्यांना दांड्याची एक फेरी, असें साधारण प्रमाण असतें. त्यामुळें लहानशी मोटरहि भरपूर पीळ देऊं शकते.

वेगाचें वर्तमान येथें कां लागतें, हें समजून घेणें महत्त्वाचें आहे. गाडी उभी करतांना साहाय्य भरपूर पाहिजे. ताशीं ८० किलोमीटरनें जातांना तें जवळजवळ नकोच. वेगांत स्टिअरिंग बोटानें हललें तर शिंक आली तरी गाडी दुसऱ्या रांगेंत जावयाची. म्हणून वेग वाढत जाईल तसतसें हें यंत्र आपला हात आंखडता घेत जातें. किती मदत करावी यापेक्षां केव्हां करूं नये, हें कळण्यांतच या यंत्राचें खरें कसब आहे.

मोटर काम करते ती फक्त वळवितांना. एरवीं ती स्वस्थ असते, म्हणून इंधन वाचतें. पण गाडी उभी करतांना ती ३०-४० अँपिअर, कधीं त्याहूनहि अधिक प्रवाह ओढते. हा भार पुढच्या सात-आठ मोठ्या दिव्यांइतका झाला. जुन्या गाडीची बॅटरी, ऑल्टर्नेटर आणि वायरिंग हा भार गृहीत धरून केलेलीं नसतात, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां वहिनींचा प्रश्न: बंद पडलें तर? कारखान्यांतून येणाऱ्या गाडींत याचें उत्तर रचनेंतच दिलेलें असतें. पिळाचें वर्तमान एकाच तारेनें येत नाहीं. दोन स्वतंत्र मापें येतात आणि पेटी तीं एकमेकांशीं पडताळून पाहते. दोहोंत फरक पडला कीं ती मोटरचा प्रवाह तोडते आणि चालकासमोर दिवा लावते. मोटर थांबली तरी दांडा, पिनियन आणि रॅक हे एकमेकांना जोडलेलेच असतात. ती बारीक कांब मोडली तरी दांड्याचे दोन भाग थोडे फिरून एकमेकांत अडकतील, अशी खांच ठेवलेली असते. म्हणजे साहाय्य गेलें तरी हाताचा आणि चाकांचा संबंध तुटत नाहीं. स्टिअरिंग फक्त जड होतें.

परंतु 'फक्त जड होतें' हे शब्द सहज उच्चारावयाचे नव्हेत. २०१० सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें शेव्हरोले कोबाल्ट आदिकरून आपल्या लहान गाड्या, सुमारें १३ लाख, परत बोलाविल्या. त्याचें कारण विजेच्या स्टिअरिंगची मोटर बंद पडण्याचा संभव, हेंच होतें. त्या गाड्या वळत नव्हत्या असें नाहीं. पण ताशीं २४ किलोमीटरच्या खालीं त्या वळविण्यास बराच अधिक जोर लागे. जो बळकट माणूस आहे त्याला यांत फारसा धोका नाहीं. पण ज्याच्या हातांत जोर नाहीं म्हणून साहाय्य घेतलें, तें साहाय्य नेमकें वळणावर गेलें, तर प्रसंग कठीणच.

इतकें समजल्यावर मी पुतण्याबरोबर त्या मिस्त्रीच्या गॅरेजांत गेलों. माणूस हुशार व गोड बोलणारा. एका गाडीला त्यानें नुकतेंच यंत्र बसविलें होतें, तें त्यानें कौतुकानें दाखविलें. चाक खरोखरच एका बोटानें फिरत होतें. मग मीं विजेची बत्ती घेऊन डॅशबोर्डाखालीं वांकून पाहिलें. एका गाडीचा दांडा दुसऱ्या गाडीला लांबींत बसत नव्हता, म्हणून तो मधोमध कापून, दुसरा तुकडा घालून, वेल्डिंग केलेला होता. "हा सांधा तपासला कसा?" असें विचारतां तो म्हणाला, "साहेब, दोन वर्षांत एकहि परत आला नाहीं." वेगाची तार कोठें जोडली, असें विचारलें, तेव्हां "त्याची गरजच पडत नाहीं" असें उत्तर आलें.

या दोन उत्तरांनीं माझा निर्णय झाला. त्यांचा अर्थ वाचकांसहि सांगितला पाहिजे.

पहिली गोष्ट दांड्याची. मोटर बंद पडली तर स्टिअरिंग जड होतें. परंतु दांडा तुटला तर स्टिअरिंग उरतच नाहीं. कारखान्यानें सर्व खबरदारी घेऊन जो हात-चाकांचा संबंध अतूट ठेवला, तोच हा मिस्त्री कापून पुन्हां जोडीत होता. शिवाय समोरून टक्कर झाल्यास दांडा चालकाच्या छातींत न घुसतां आंतल्या आंत मिटावा, अशी योजना पुष्कळ गाड्यांत असते. तो सरळ वेल्डिंगनें ताठ केला कीं ती योजनाहि गेली. आणखी एक सूक्ष्म मुद्दा असा कीं, जुन्या गाडीचे खालचे सांधे, पिनियन आणि रॅक हे माणसाच्या हाताचा जोर धरून बनविलेले. आतां त्यांवरून मोटरचाहि जोर जाणार. तो त्यांना कितपत सोसेल, याचा हिशेब कोणी केलेला नसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. इंग्लंडांत जुन्या गाड्या जतन करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. २००० सालानंतर निघालेल्या व्हॉक्सहॉल कोर्सा गाडीचें स्टिअरिंग भंगारांतून आणून तें जुन्या गाडीला बसविण्याची त्यांच्यांत मोठीच चाल पडली. त्या यंत्राच्या पेटीला वेगाचें वर्तमान मिळालें नाहीं, तर ती एका ठराविक मध्यम साहाय्यावर स्थिर राहते. म्हणून तें कोठेंहि बसवितां येतें. मग कित्येक जण हातानें कमीजास्त करण्याची एक घुंडी बसवितात. रविवारीं हौसेनें गाडी काढणारा गृहस्थ ती घुंडी जपून वापरीलहि. परंतु नातवंडांना शाळेंतून आणतांना ती घुंडी कोणीं कोठें फिरवून ठेवली आहे, हें रोज पाहणें घरच्या गाडीला परवडणारें नाहीं. जी पेटी 'केव्हां मदत करूं नये' हें ओळखीत नाहीं, ती अर्धवट शहाणी समजावी.

तिसरी गोष्ट विजेची. एवढा प्रवाह नेणारी तार बॅटरीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड, योग्य फ्यूज घातलेली असली पाहिजे, आणि गाडीच्या पत्र्याशीं तिची परतीची जोडणी घट्ट असली पाहिजे. नाहीं तर मोटर हवी तेव्हां दमेल, किंवा तार तापून जळण्याचा प्रसंग येईल. त्या गॅरेजांत ती तार दिव्याच्या तारेंतूनच फांटा काढून नेलेली होती.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकाला आपल्या मर्जीनें गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. दिव्यांग चालकासाठीं गाडी अनुरूप करून घेणें इत्यादि बाबतींत रीतसर परवानगीचा मार्ग कायद्यांत ठेवलेला आहे. तेव्हां ज्यांना असा बदल करावयाचाच असेल, त्यांनीं प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. बदल लपवून ठेवला आणि पुढें अपघात झाला, तर विम्याचे पैसे मिळण्यास अडचण येते, हें निराळें सांगावयास नको.

घरीं येऊन मीं हें सर्व सांगितलें. पुतण्या नाराज झाला. "काका, म्हणजे जुन्या गाडीला हें कधींच बसवूं नये असें तुमचें म्हणणें?" असें त्यानें विचारलें. माझें म्हणणें तसें नव्हतें. त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तींत कारखान्यानें हें स्टिअरिंग दिलेलें असेल. त्याचा दांडा, कंस, खालचे सांधे, रॅक आणि पेटी हीं सर्व मिळून कांहींएक न कापतां बोल्टांवर बसत असतील. वेगाची तार जोडली जात असेल. आणि परवानगी मिळत असेल, तर त्या कामाला माझा विरोध नाहीं. आमच्या गाडीच्या बाबतींत या चारांपैकीं पहिलीच अट पुरी होत नव्हती.

दादा म्हणाले, "मग मीं पहिल्यापासून काय सांगत होतों? विका."

वहिनी शांतपणें म्हणाल्या, "विकूं या. पण रिक्षासाठीं नव्हे. हें स्टिअरिंग कारखान्यांतूनच घालून आलेली एखादी लहान, वापरलेली गाडी पाहा. आणि ती बंद पडल्यावर मला वळवितां येते कीं नाहीं, तें मीच पाहीन. तोंपर्यंत मी गाडी चालविणार नाहीं." दादा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं गाड्यांच्या जाहिरातींवर पेन्सिलीनें खुणा करून त्यांनीं त्या माझ्यापुढें ठेवल्या.

पुढें दोन महिने आईंना नेण्या-आणण्याचें काम आम्हीं वांटून घेतलें. तेवढ्यांत व्यायामानें वहिनींचा खांदाहि बराच सुटला. अखेरीस एक गाडी पसंतीस आली, तेव्हां विकत घेण्यापूर्वीं आम्हीं तिची परीक्षा घेतली. ती कशी घ्यावी तें सांगतों, कारण ती कोणालाहि घेतां येण्याजोगी आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी. किल्ली फिरवून दिवे लागूं द्यावे, पण इंजिन सुरू करूं नये. बहुतेक गाड्यांत अशा वेळीं साहाय्य मिळत नाहीं. त्या स्थितींत चाक वळवून पाहावें. मग इंजिन सुरू करून पुन्हां वळवावें. दोहोंतला फरक म्हणजेच यंत्राचा हात. आमच्या काट्यावर इंजिन बंद असतां ८ किलो आले आणि सुरू असतां २.

८ हा आंकडा आमच्या जुन्या गाडीच्या दुरुस्तीनंतरच्या साडेसहाहून अधिक आहे, हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलें असेल. साहाय्य असलेल्या गाड्यांत चाकाच्या फेऱ्या बहुधा कमी ठेवलेल्या असतात, आणि बंद मोटरहि दांड्याबरोबर ओढावी लागते. म्हणून साहाय्य गेलें कीं त्या जुन्या साध्या गाडीपेक्षांहि जड लागतात. पुतण्या जो 'एक बोट' म्हणत होता, त्याची ही दुसरी बाजू.

मग एका ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन आम्ही मोकळ्या मैदानावर गेलों. त्यानें स्टिअरिंगचा फ्यूज काढला, समोर दिवा लागला, आणि वहिनींनीं माणसाच्या चालीच्या वेगानें गाडी डावीकडे, उजवीकडे आणि पूर्ण वर्तुळांत वळविली. चालत्या गाडींत जोर उभ्या गाडीपेक्षां पुष्कळच कमी लागतो, याचा येथें प्रत्यय आला. त्यांनीं दोन्ही हातांनीं, चाक न सोडतां, तीन फेऱ्या घेतल्या. हा प्रयोग जाणत्या माणसाशिवाय आणि रिकाम्या जागेखेरीज कोणींहि करूं नये. आणि चालत्या गाडीची किल्ली तर मुळींच बंद करूं नये, कारण तसें केल्यास स्टिअरिंगला कुलूप पडण्याचा धोका असतो.

गाडींतून उतरून वहिनी म्हणाल्या, "जड आहे; पण वळते. दुखेल, पण रस्त्याच्या कडेला नेईन." नंतर थोडें थांबून, "आतां फ्यूज बसवा. आईंची औषधाची वेळ होत आली." ती गाडी आम्हीं घेतली.

या अनुभवावरून वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. घरांतील कोणाला स्टिअरिंग जड जाऊं लागलें, तर प्रथम हवा, सांधे आणि अलाइनमेंट पाहावें. नंतर त्या व्यक्तीच्या डॉक्टरांना विचारावें. त्यानंतरच यंत्राचा विचार करावा. यंत्र दाखविणारा तें चालू असतांना किती हलकें आहे तें दाखवील. तुम्ही तें बंद करून दाखवावयास सांगा. आणि दांडा कापणाऱ्या कारागिराला, तो कितीहि गोड बोलला तरी, नमस्कार करून परत फिरा. गाडी सोडण्याचा सल्ला देण्यापूर्वीं, ती गाडी चालविणाऱ्या व्यक्तीलाहि एकदां विचारावें. आमच्या घरीं योग्य प्रश्न तिनेंच विचारला होता.

जुनी गाडी विकतांना घेणाऱ्याला आम्हीं नवा सांधा, अलाइनमेंटची पावती आणि टायरांत किती हवा ठेवावी याचें टिपण दिलें. पेरूच्या झाडाखालीं आतां नवी गाडी उभी असते, आणि गुरुवारची पाठशाळा पुन्हां सुरू झाली आहे. बॅटरी आणि ऑल्टर्नेटर यांचा उल्लेख येथें ओझरताच झाला. त्यांची निगा घरच्या घरीं कशी ठेवावी, तें पुढील अंकीं पाहूं.